बेतलेलं आणि न बेतलेलं

श्रावस्तीतला एक गृहस्थ परगावी निघाला. जाताना त्याने बायकोला सांगितलं, की घरातलं सूत तोलून विणकराकडे दे, कापड विणून ठेव. परत आलो की उपनंद भन्तेंना चीवर दान करू. हे बोलणं एका भिक्षूच्या कानावर पडलं आणि त्याच्या तोंडून उपनंदापर्यंत पोचलं. उपनंद तडक विणकराच्या दारात हजर झाला. कापड आपल्यासाठीच विणलं जातंय असं त्याने सांगितलं आणि मग यादी सुरू केली: लांबीला एवढं, रुंदीला एवढं, वीण घट्ट, ताणून घेतलेलं, साफसूफ केलेलं. सूत मोजून मिळालंय, त्यात हे सगळं बसायचं नाही, असं विणकराने सांगून पाहिलं. उपनंदाने ते मनावर घेतलं नाही. शेवटी विणकर त्या बाईकडे गेला आणि तिने पहिल्याइतकंच सूत पुन्हा तोलून दिलं. नवरा परतला, त्याने कापड पाहिलं, हकीकत ऐकली आणि श्रमण म्हणवणाऱ्यांची ही हाव बघून त्याचं डोकं फिरलं.

विनयपिटक या बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या या तक्रारीवरून भिक्षुसंघात नियम झाला. दात्याने विचारलेलं नसताना भिक्षूने विणकराकडे जाऊन ‘असं कर, तसं कर’ म्हणायचं नाही. म्हटलं, तर ते कापड संघापुढे सोडून द्यायचं आणि दोष कबूल करायचा. नियमाच्या खालच्या खुलाशात एक सवलत आहे, आणि ती फार मार्मिक आहे. दाता महागडं कापड विणवू पाहत असेल आणि भिक्षूने ‘स्वस्तातलं विणा’ असं सांगितलं, तर दोष नाही.

म्हणजे आक्षेप भारी कापडाला नाही. राजगृहाचा वैद्य जीवक याला उज्जैनीच्या प्रद्योत राजाकडून शिवी देशाच्या उंची कापडाची जोडी मिळाली होती. ती त्याने बुद्धाला अर्पण केली आणि बुद्धाने ती घेतली. गृहस्थांनी दिलेली वस्त्रं वापरायची मुभा भिक्षूंना त्या प्रसंगापासून मिळाली. राजाच्या घरचं कापड चाललं, साध्या विणकराचं अडलं. फरक इतकाच, की जीवकाचं कापड आपण होऊन आलं होतं आणि उपनंदाचं कापड त्याच्या मनासारखं होऊन येत होतं.

कपडे शिवून घ्यायला जाणारा माणूस नेमकं हेच करतो, रोज करतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. महाराष्ट्रात पुरुषांचे शर्ट-पँट बहुतांशी तयार कपड्यांच्या दुकानांकडे गेले, मुलांचे तर केव्हाच गेले. टेलरकडे टिकून राहिला तो ब्लाउज. पुढचा गळा किती, मागचा किती, बाही कोपरापर्यंत की वर, कटोरी की प्रिन्सेस कट, अस्तर सुती की दुसरं, हूक पुढे की मागे. वहीत नावापुढे आकडे उतरतात, शेजारी मापाचा जुना ब्लाउज गुंडाळून ठेवला जातो. कापताना आत दोन बोटं माया सोडलेली असते, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. एवढं करून त्यावर जी साडी नेसली जाते, तिला माप नाही. आजीची नातीला होते, जाडीची बारकीला होते. एकाच अंगावर एक वस्त्र फक्त त्या अंगाचं आणि दुसरं कुणाचंही, असा हा पेहराव आहे.

पूजेच्या वेळी मात्र यातलं एकच चालतं. सोवळ्याला शिवलेलं वस्त्र नको. मुकटा असो, धाबळी असो की धूतवस्त्र, ते अखंड हवं. याचं कारण विचारलं तर बहुतेक जण विटाळाकडे बोट दाखवतात: शिवलेलं कापड दहा हातांतून येतं. पण न शिवलेलं तरी आकाशातून कुठे पडतं? ते पिंजणाऱ्याच्या, कातणाऱ्याच्या, विणणाऱ्याच्या हातांतून येतंच, आणि धुतलं की शुद्ध मानलं जातं. धुण्याने विणकराचा स्पर्श जातो आणि शिंप्याचा तेवढा राहतो, हा हिशेब जमत नाही. दुसरं उत्तर इतिहासाचं म्हणून दिलं जातं, की शिवण मुसलमानांबरोबर आली, त्याआधी इथे कुणी शिवतच नसे. तेही टिकत नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका या देवतेला न तुटणाऱ्या सुईने शिवायला सांगितलं आहे. मथुरेच्या संग्रहालयातला मस्तक नसलेला कनिष्क घोळदार अंगरखा आणि जाड बूट घालून उभा आहे. सुई ठाऊक होती, शिंपी ठाऊक होता. तरीही देवापुढे जाताना शिवलेलं बाजूला ठेवावंसं वाटलं.

या कोड्याची किल्ली इस्लामी धर्मशास्त्रात जास्त स्वच्छ सापडते. हजला जाणारा पुरुष इहराम बांधतो, म्हणजे दोन पांढऱ्या चादरी: एक कमरेला, एक खांद्यावर. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या दुकानांत तो जोड सहज मिळतो. ‘शिवलेलं नको’ असा हा नियम सर्रास सांगितला जातो, आणि मग भोळा यात्रेकरू चपलेच्या शिवणीपासून पैशाच्या पट्ट्याच्या टाक्यांपर्यंत सगळ्याची धास्ती घेतो. फिकहच्या, म्हणजे याच धर्मशास्त्राच्या, जाणकारांनी हे पूर्वीच उलगडून सांगितलं आहे. चादर फाटली म्हणून ठिगळ लावलं तर हरकत नाही. मनाई आहे ती अवयवाच्या आकाराने बेतलेल्या कपड्याला. म्हणजे सदरा, विजार, टोपी, मोजे यांना. दोऱ्याचा एकही टाका नसलेला, अखंड विणलेला सदरा असला तरी तो चालणार नाही, कारण त्याला बाह्या आहेत. अडचण सुईची कधी नव्हतीच. अडचण मापाची.

बेतलेला कपडा मालकाचं वर्णन करत असतो. खांदा किती रुंद, पोट किती सुटलेलं, खिसा किती भरलेला, शिंपी कोणत्या पेठेतला. दोन चादरींना यातलं काही सांगता येत नाही. पण हाही विचार फार सरळ ओढू नये. इहरामचा हा नियम पुरुषांना आहे. स्त्रिया नेहमीच्या शिवलेल्या कपड्यांतच हज करतात. म्हणजे अंगाची ओळख पुसण्याचं हे तत्त्व अर्ध्या यात्रेकरूंच्या बाबतीत अंग झाकण्याच्या तत्त्वापुढे मागे हटतं. धर्माला एकाच कपड्याकडून दोन कामं हवी असतात आणि ती नेहमी जुळतातच असं नाही.

बौद्ध भिक्षूंचं गणित आणखी वेगळं. त्यांना सुई वर्ज्य तर नाहीच, उलट ती त्यांच्या मोजक्या सामानात आहे: तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. भिक्षू स्वतःच शिंपी. त्यामुळे शिवणकामाचे म्हणून जे काही मोह असतात ते सगळे संघात शिरले आणि विनयपिटकाला त्यांची एकेक करून दखल घ्यावी लागली. कपिलवस्तूच्या एका हस्तिदंताच्या कारागिराने भिक्षूंना सुया ठेवायला घरं करून देऊ केली. लहान मिळालेल्याने मोठं मागितलं, मोठं मिळालेल्याने लहान. बिचाऱ्याचा धंदा बसला, बायकामुलांचे हाल झाले, आणि हाडाची, दाताची, शिंगाची सुईघरं मोडून टाकायचा नियम आला. उदायी नावाचा भिक्षू तर शिवणात पटाईत होता. एका भिक्षुणीने त्याला चीवर शिवून मागितलं. त्याने ते रंगवून, शिवून, मधोमध एक अचकट चित्र काढून, नीट घडी घालून दिलं, आणि भिक्षुणी उपदेशाला निघतील तेव्हाच हे पांघर असं बजावलं. रस्त्यावर लोक काय हसले असतील! त्यानंतर नात्यात नसलेल्या भिक्षुणीचं चीवर भिक्षूने शिवायचं नाही असं ठरलं.

पण खरी कमाल आहे ती चीवराच्या कापणीत. दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धाने मगधातली भातखाचरं पाहिली: चौकोन, बांध, पुन्हा चौकोन. अशा रचनेचं चीवर करता येईल का, असं त्याने आपला शिष्य आनंद याला विचारलं. आनंदाने ते बेतलं, आणि बुद्धाने त्याच्या हुशारीचं तोंडभर कौतुक केलं. आजही नागपूर-मुंबईच्या विहारांत दिसणारं चीवर उलगडून पाहिलं तर त्यात हे बांध आणि खाचरं दिसतात. जगातला कुठलाही शिंपी कापतो ते कापडाची किंमत वाढावी म्हणून. इथे कापड कापलं जातं ते किंमत घटावी म्हणून. तुकडे करून जोडलेलं वस्त्र श्रमणाला साजतं आणि चोराच्या उपयोगाचं उरत नाही, असं कारण ग्रंथातच दिलं आहे. बेतण्याची सगळी कला वापरायची आणि तिचं फळ मात्र नाकारायचं. असा शिंपी दुसऱ्या कुठल्या परंपरेत सापडणं कठीण.

मापाचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद देखणा होता आणि उंचीला बुद्धापेक्षा फक्त चार बोटं कमी. तो बुद्धाच्या मापाचं चीवर वापरू लागला. लांबून येताना दिसला की थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूसुद्धा, उठून उभे राहत, आणि जवळ आल्यावर त्यांना कळे की हा नंद. भिक्षूंनी कुरकुर केली. त्यातून नियम झाला, की सुगताच्या, म्हणजे बुद्धाच्या, वितीने नऊ वीत लांब आणि सहा वीत रुंद, एवढं किंवा त्याहून मोठं चीवर करायचं नाही. केलं तर कापून लहान करायचं. सर्वांना एक कमाल मर्यादा, तिच्या आत ज्याचं त्याचं अंग. कापड इतकं बोलतं, की नुसत्या लांबीरुंदीवर माणूस दुसऱ्याचा मान खाऊन जाऊ शकतो, हे त्या काळच्या संघाला पक्कं कळलं होतं.

रोममध्ये पोप निवडताना हाच पेच उलट्या बाजूने सोडवतात. कोण निवडून येणार ते ठाऊक नसतं, म्हणून पांढरे झगे तीन मापांचे आधीच शिवून ठेवतात: लहान, मध्यम, मोठा. १९५८ साली निवडून आलेले तेविसावे जॉन इतके स्थूल होते, की झगा मागून उसवून टाचण्या लावाव्या लागल्या असं सांगतात. पद तयार होतं, अंग त्यात मावत नव्हतं.

भिक्षूंच्या चीवराचा खर्च कोण करी, याचं उत्तर महाराष्ट्राच्या दगडात कोरलेलं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, २,००० कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवली, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब तंतोतंत बसतो: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू. व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवल्याचंही लेखात आहे. विणकराला एक शब्द सांगायची ज्यांना बंदी, त्यांच्या कपड्याचे पैसे विणकरांकडेच गुंतवलेले. भिक्षूने निवड करायची नाही हे तत्त्व टिकवायचं, तर त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी व्याजाचा दर ठरवावाच लागतो. वैराग्याचाही असा जमाखर्च असतो, आणि तो उघड्या लेण्यात कोरून ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्या काळी होता.

आता देवाकडे वळू. भक्त न शिवलेलं नेसून गाभाऱ्यात जातो आणि मूर्तीला घालतो ती शिवलेली अंगी. पंढरपूरला विठोबाच्या पोशाखात अंगी असते, डोक्यावर मुंडासं असतं. नाथद्वाऱ्याच्या श्रीनाथजींचे वागे, म्हणजे पोशाख, तर घेरदार, चाकदार अशा जातीचे. म्हणजे मुघल काळातल्या दरबारी जाम्याची बेतणी देवाच्या अंगावर. ऋतू बदलला की कापड बदलतं, थंडीत आत कापूस भरतात. बाजारात लड्डू गोपाळाच्या मूर्तींना नंबर असतात आणि दुकानदार आधी विचारतो, कितव्या नंबरचा? मग त्या मापाचं झबलं, टोपी, स्वेटरसुद्धा.

पुजारी मापाबाहेर आणि देव मापात, हा विरोधाभास वरवरचा आहे. भक्ताने आपलं माप बाहेर ठेवून यायचं, कारण तिथे एकाच अंगाचे लाड व्हायचे असतात. सगुण म्हटलं की खांदा आला, कंबर आली, थंडी-उकाडा आला. माप घेतल्याशिवाय त्याची सेवा कशी करणार? निर्गुणाला सदरा शिवता येत नाही, ही काही चेष्टा नव्हे. वारकरी परंपरेतली एक मोठी कथा याच कडेवर उभी आहे. शिंप्याच्या घरात जन्मलेले नामदेव (१२७०–१३५०) विठ्ठलाशी हट्टाने बोलणारे, त्याला जेवू घालणारे. संतांच्या मेळ्यात गोरा कुंभारांनी थापटून त्यांना कच्चं ठरवलं, आणि औंढा नागनाथला विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून त्यांना विचारलं, देव नाही अशी जागा दाखव, तिथे पाय ठेवतो. माप घेण्यात ज्याचं घराणं वाकबगार, त्यालाच मापात न मावणाऱ्याची शिकवण मिळाली. पुढे गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आली, आणि त्यांतल्या राग आसामधल्या एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्याची सगळी हत्यारं आहेत. तिथे शिंपी मोजून कापतो तो मरणाचा फास. नामदेवांनी दुकान बंद केलं नाही, गिऱ्हाईक बदललं.

इथवर सगळं गोड आहे. पण न बेतलेल्या वस्त्रात नम्रता असते आणि बेतलेल्यात अहंकार, असं समीकरण कुणी मांडलं तर त्रावणकोर संस्थानाचा इतिहास ते मोडून टाकतो. तिथे नाडर जातीच्या स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकायची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या स्त्रिया मिशनऱ्यांच्या आधाराने कुप्पायम नावाचं शिवलेलं सैल जाकीट घालू लागल्या, त्यावरून दशकानुदशकं मारहाणी झाल्या, वस्त्रं फाडली गेली. शेवटी १८५९च्या जुलैत संस्थानाने जाहीरनामा काढला: जाकीट घाला, कोळणींसारखं जाडंभरडं कापड बांधा, पण वरच्या जातीच्या स्त्रियांसारखं उपरणं घेऊ नका. म्हणजे सवलत मिळाली ती शिवलेल्याला. न शिवलेला, खांद्यावरून सोडायचा साधा पंचा हाच मानाचा, आणि तोच राखून ठेवलेला. ज्या कापडाला माप नाही त्यालाही जात होती.

गांधी आणि आंबेडकर यांच्या कपड्यांची तुलना आता इतकी झिजली आहे, की तिच्याकडे पुन्हा जाताना संकोच वाटावा. तरी या प्रश्नात ती टाळता येत नाही. गांधींनी आत्मकथेत सांगितलं आहे, की मुंबईत शिवलेले कपडे विलायतेत शोभणार नाहीत म्हणून त्यांनी नवे घेतले आणि बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवून घेतला. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेत त्यांनी एका पंचावर राहायचं जाहीर केलं; तेही आधी ३१ ऑक्टोबरपर्यंत. दहा पौंडांच्या सुटापासून पंचापर्यंतचा हा प्रवास सोडण्याचा होता, आणि सोडायला आधी हातात काहीतरी होतं.

डॉ. आंबेडकरांसमोर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ज्या बायका बसल्या होत्या, त्यांच्या लुगड्याची लांबी आणि अंगावरच्या दागिन्यांची घडण पाहून जात ओळखता येई. त्यांनी बायकांना सांगितलं, की लुगडं वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, ती ओळखीची कथलाची-चांदीची ओझी टाकून द्या. बायकांनी ते तिथल्या तिथे अमलात आणल्याचं चरित्रकार नोंदवतात. आपल्या कापडाचं माप, नेसण्याची तऱ्हा, दागिन्याचा धातू दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलेला असणं ही त्यांची पिढीजात स्थिती होती. उपनंदाला नियमाने जे नाकारलं ते या बायकांना जन्माने नाकारलेलं होतं. एका ठिकाणी ‘मला असं हवं’ हे शब्द म्हणजे दोष, दुसऱ्या ठिकाणी तेच शब्द म्हणजे माणूसपणाची सुरुवात. आणि दोन्ही ठिकाणी ते बरोबर आहे. विनयाचे नियम अशा माणसांसाठी लिहिले गेले, जे आपल्या मर्जीने घर सोडून आले होते. ज्यांना घरातच मर्जी नव्हती त्यांच्यावर ते लादले, तर ती जुनीच मनाई नव्या नावाने परत येते.

आयुष्यभर उत्तम शिवलेल्या सुटात वावरलेले बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षेला उभे राहिले ते पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून. खाली न शिवलेलं, वर बेतलेलं. समोरच्या लाखोंच्या समुदायात बहुतेकांनी मिळेल तसं पांढरं घातलेलं होतं; साड्या, धोतरं, सदरे, पायजमे. कुशीनाराचे भदन्त चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण आणि पंचशील घेतल्यावर त्यांनी स्वतः अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत देव-देवता नाकारणं आहे, श्राद्ध आणि पिंडदान नाकारणं आहे, चोरी, खोटं, दारू यांबद्दल स्पष्ट शब्द आहेत. कुणी काय नेसावं, काय शिवावं, याबद्दल त्या बाविसांत एकही कलम नाही.